उपासनेत पेटी हौशी माणसानं वाजवावी की पगारी?

पेटीवाला_कॅम्प:
आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या हाच विषय पेटलाय. रविवारच्या उपासनेला बाहेरचा कीबोर्डवाला पैसे देऊन आणायचा म्हणायलेत कमिटीतले काहीजण. माझं सरळ मत, नको. मी काही गवई नाही, नोकरी करून संध्याकाळी पेटी घेऊन बसायचा नाद तेवढा, पण आमच्या म्हाताऱ्या बायकांना कुठली पट्टी झेपते, तिसऱ्या कडव्याला त्यांचा दम कुठं तुटतो हे मला माहीत हाय, भाड्याच्या माणसाला काय माहीत, तो आपला उंच पट्टीत सुरू करतो आणि निम्मी मंडळी नुसती ओठ हलवत उभी. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं 1761 मध्ये गाण्याच्या सूचना छापल्या, त्यात सगळ्यांनी गा, मोकळ्या आवाजात गा असंच हाय. मेथडिस्ट म्हणवतो नव्हं आपण?

सूर_आधी:
त्याच सूचनांत तालाच्या पुढं पळू नका, मागं रेंगाळू नका हे पण लिहिलंय की, ते बरं सोयीनं गाळलंत! हौस हाय म्हणून काहीही खपवून घ्यायचं का. बायबलातल्या पहिल्या इतिहासाचा 25 वा अध्याय काढा, मंदिरात गायला 288 जण होते, सगळे शिकलेले, आणि 9 व्या अध्यायात तर गाणाऱ्यांना बाकीच्या कामातून मोकळं ठेवलेलं. म्हणजे त्यांचं पोट कुणीतरी भरत होतंच. आणि आपण बेळगावचे लोक, कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीत जन्मले, इथल्या माणसाला बेसूर लगेच कळतं हो.

खानापूरची_मिस्सा:
मी कॅथलिक, तरी बोलते. हौशी माणसाचा खरा धोका बेसूरपणा नाही, गोडी हाय. संत ऑगस्टिननं आपल्या ‘कबुलीजबाब’ ह्या पुस्तकात, दहाव्या भागात, लिहिलंय की शब्दांपेक्षा गाण्यानंच मन जास्त हललं तर ते पाप समजतो. त्याच ठिकाणी सुरवातीच्या दिवसांत चर्चमधलं गाणं ऐकून रडलो होतो म्हणून गाणं बंद करा असंही म्हणवत नाही त्याला, अडकलाय बिचारा. आमच्या कॉयरमधला एकजण अर्पणाच्या वेळी गाताना गळ्याच्या इतक्या हरकती घेतो की फादर तिकडं हात धुऊन थांबलेले आणि ह्याचं आलाप चालूच.

जुनी_उपासना:
मला तर पेटी तबला टाळ हेच पटत नाही, डोळे मिटले की देवळात बसल्यासारखं वाटतं. ऑर्गन बरा.

पेटीवाला_कॅम्प:
@जुनी_उपासना अहो पेटीचं मूळ पॅरिसचं, तिथल्या दबँ नावाच्या माणसानं 1840 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, हाताच्या भात्याची आपण नंतर करून घेतली. आणि फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओवीत रचलं ते 1616 ला छापलं, रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, ते काय ऑर्गनवर म्हणायचे? बायबलातल्या 150 व्या स्तोत्रात तर डफ आणि झांजा पण हायत.

खानापूरची_मिस्सा:
आमच्याकडं तर 1963 लाच व्हॅटिकन परिषदेनं ऑर्गनचा मान ठेवून बाकीच्या वाद्यांनाही दार उघडलं, पण उपासनेला शोभतील अशीच आणि बिशपांच्या संमतीनं. त्यामुळं वाद वाद्याचा नाहीच, वाजवणाऱ्याला कुठं थांबायचं कळतं का एवढाच.

सूर_आधी:
आणि ते थांबणं शिकलेल्यालाच जमतं. हौशी माणसाला मधला म्युझिकचा तुकडा आला की सोडवत नाही.

पेटीवाला_कॅम्प:
उलट हाय! पगारी माणूस पैसे वसूल करून दाखवायला जास्त वाजवतो. मी तर दोन कडव्यांच्या मध्ये फक्त सूर धरून ठेवतो. बरं, पैसे खर्चायचेच असतील तर वाजवणाऱ्याला नको, शिकवणाऱ्याला द्या. शनिवारी एक मास्तर बोलवा, पोरं बसतील, बायका बसतील, पट्टी नक्की होईल, ताल पण सुधारेल.

सूर_आधी:
हे चालेल मला. पण मास्तरांच्या पुढं पहिले तुम्ही बसणार का?

पेटीवाला_कॅम्प:
बसतो की. फक्त तो कीबोर्डवाला मास्तर म्हणून आणू नका.