कोणाच्या शेजारी बसून तुम्ही बदललात? अनुभव लिहा

ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मुलासाठी वापरतो. या धाग्यावर ती आपल्याकडे वळवून बघू. उपदेश करणारे सगळ्यांना आठवतात. मला हवी आहेत ती माणसं, ज्यांच्या नुसत्या असण्याने तुमचं मत, सवय किंवा वागणं हललं. चांगल्याकडे किंवा वाईटाकडे.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग माझ्या डोक्यातून जात नाही. समोरच्या रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी लांब आहे, एवढंच सांगायचं होतं. खोलीतले बाकीचे आधी ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांची साधारण एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या मागे गेली, डोळ्यांना धडधडीत दिसत असताना! पण खोलीत बरोबर बोलणारा एक जरी माणूस बसवला, की हे प्रमाण झपाट्याने उतरायचं. सावित्रीबाई भिडेवाड्यात शिकवायला लागल्या १८४८ साली. रस्त्यात अंगावर शेण-चिखल यायचा. सनातनी पुणं एका बाजूला आणि जोतिराव सोबत. तर तुमचा तो एक माणूस कोण, आणि ‘बाकीचे’ कोण? नाव नको, प्रसंग हवा.

सदाशिव पेठ, स्पर्धा परीक्षा

मी लातूरकडचा. अभ्यासिकेत सकाळी सातला खुर्ची धरायची ती रात्रीच सोडायची. शेजारचा उठत नाही म्हणून मी उठायचो नाही. पुढे ओळख झाल्यावर कळलं, तोही माझ्याकडेच बघून बसून राहायचा. मेसमध्ये ताट पुढे आलं तरी विषय एकच, कोणाचा किती सिलॅबस झाला. पूर्व परीक्षेचा निकाल लागला, नाव नसलं, तरी गावी जायचं कोणी तोंडातून काढत नाही. सगळे थांबलेत म्हणजे थांबण्यात काहीतरी अर्थ असणार, असं वाटत राहतं. घरून अण्णांचा फोन, “जाहिरात कधी निघणार रे?”

आमच्यात एक दादा होता, वयाने सगळ्यांत मोठा. एका संध्याकाळी त्याने पुस्तकं सुतळीने बांधली. खाली चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, “सोडलीस का तयारी?” तो म्हणाला, “सोडली कुठं? पगार घेत करणार.” बँकेत लागला होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्यानंतर आमच्या रांगेतल्या काही जणांनी दुसऱ्या परीक्षांचे फॉर्म भरले, मीही भरला. त्याने कोणाला भरायला सांगितलं नव्हतं.

*धागाकर्ती :* दोघं एकमेकांकडे बघून बसून राहिले, हे किती खरं आहे. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना मनापासून पटलेलं असणार. विचारत मात्र कोणी नाही.

कर्वे रोड

पावसात नळस्टॉपच्या अलीकडे माझी दुचाकी घसरली. गाडी पायावर, गुडघा सोललेला, आणि भोवती माणसंच माणसं. सगळे वाकून बघत होते, हात कोणी लावेना. ती माणसं वाईट नव्हती हे मी आजही सांगेन, जो तो बाजूच्याकडे बघत होता. फुटपाथवर पेरू विकणाऱ्या मावशी ओरडल्या, “ओ निळा शर्ट, गाडी उचला! ताई, तुम्ही रिक्षा थांबवा. आणि तू रे, पाणी आण!” क्षणात तिघं कामाला लागले. निळ्या शर्टवाले गृहस्थ तर दवाखान्यापर्यंत सोबत आले, एक्स-रे होईपर्यंत थांबले. हाक मारेपर्यंत तेच सगळ्यांत मागे उभे होते.

*धागाकर्ती :* मावशींनी नेमका माणूस हेरून काम सांगितलं, हीच यातली मेख. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगात खोलीत धूर सोडला होता. एकटा बसलेला असला तर ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवलं. शेजारी दोघं ढिम्म बसलेले ठेवले, तर फक्त १० टक्क्यांनी. रस्त्यावर अशी वेळ आली तर ‘कोणीतरी मदत करा’ म्हणू नका, कपड्याचा रंग सांगून हाक मारा.

सिंहगड रोड

मी ढोल पथकात आहे. नदीपात्रात सराव असतो. पहिल्या आठवड्यात दोर कमरेला काचतो, टिपरू धरून अंगठ्याला फोड येतो. घरी एकटीने वाजवलं तर हात लगेच गळतात. रांगेत उभी राहिले की शेजारणीचं टिपरू पडताना दिसतं आणि माझा हात आपोआप उठतो. पण कानात कापूस घालायची लाजही त्याच रांगेत वाटायची. आमच्या ताशावाल्या ताईने सगळ्यांदेखत बोळे घातले, तेव्हा ती लाज गेली.

*धागाकर्ती :* सोबत कोणी असलं की सायकलस्वार जास्त वेगाने जातात, हे नॉर्मन ट्रिपलेट या मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच मांडलं होतं.

कोथरूड

१ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची सक्ती कडक झाली. ऑफिसात रोज तावातावाने विरोध. एक सहकारी मात्र वाद न घालता रोज हेल्मेट घालून यायचे. पावसाळ्यापर्यंत पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांना हेल्मेट लटकलेली दिसायला लागली.

हडपसर

माझे सासरे जेवण झालं की स्वतःचं ताट घासून पालथं घालायचे. या विषयावर ते कधी बोलले नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला संकोच वाटायचा, मी हातातून ताट घ्यायला जायचे, तर म्हणायचे, “बस गं, तुझं जेवण निवतंय.” त्यांच्या मागे नवरा घासायचा, मग मुलगा. माझ्या माहेरी पुरुष ताटातच हात धुऊन उठायचे.

गेल्या दिवाळीत माझा भाऊ आला होता. जेवण झाल्यावर माझा मुलगा उठला, त्याच्या मागोमाग भाऊही ताट घेऊन सिंककडे निघाला. वहिनी घाईने उठली, “अहो, राहू द्या, मी करते.” मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तिच्या पानात भात वाढला.