पडद्यावरून शिंप्याकडे : आपापल्या फॅशनचे अनुभव सांगा

तयार कपड्यांची दुकाने गावोगाव पोहोचण्यापूर्वी सिनेमातली फॅशन आपल्या अंगावर चढत असे ती शिंप्याच्या, पार्लरवाल्या ताईंच्या किंवा घरातल्याच एखाद्या हौशी मावशीच्या हातून. पडद्यावरचा पोशाख आणि आपल्या वाट्याला आलेला पोशाख यांच्यात जे अंतर पडे, त्यात आईच्या अटी, शिंप्याचा अंदाज, कापडाचा भाव आणि शेजाऱ्यांच्या नजरा हे सगळे सामावलेले असे. या धाग्यावर त्या अंतराविषयी लिहावे, ही विनंती. नट-नट्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे तुम्ही स्वतः काय घातले, कसे कापले आणि कोणाकडून शिवून घेतले, ते वाचायला आवडेल.

गिरगाव, मुंबई

सुरुवात मीच करते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे यथावकाश आमच्या चाळीत एका बिऱ्हाडात दूरचित्रवाणी संच आला. मराठी बातम्यांच्या वेळी तिथे बायकांची जी गर्दी जमत असे, ती बातम्यांइतकीच निवेदिकेच्या साडीसाठी असे. संच कृष्णधवल असल्यामुळे साडीचा रंग कोणालाच दिसत नसे आणि त्यामुळेच चर्चेला ऊत येई. समोरच्या काकूंना जी साडी आमसुली वाटे, ती माझ्या आईच्या मते हमखास डाळिंबी असे आणि हा वाद मिटवण्याचे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते.

स्मिता पाटील त्या काळात बातम्या देत असत. जीन्सवरच साडी नेसून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, हे पुढे सर्वांनाच माहीत झाले. चाळीत ते तेव्हा कळले असते, तर आठवडाभराच्या गप्पांची सोय झाली असती. मला मात्र त्यांच्या साडीपेक्षा त्यांच्या सावळेपणाचे अप्रूप अधिक होते. मी घरातली सर्वांत सावळी मुलगी. साय आणि डाळीचे पीठ लावून झाले होते, आणि ‘हिला फिकेच रंग घ्या, गडद रंगात ती दिसायचीच नाही’ हा आत्याचा सल्ला प्रत्येक खरेदीच्या वेळी पाळला जात होता. त्या दिवाळीला आई मला दादरला घेऊन गेली आणि तिने ‘बातम्या देणाऱ्या मुलीसारखी’ साडी दाखवायला सांगितले. दुकानदाराने रंग न विचारता थेट रुंद काठांची सुती लुगडी आणि साड्या पुढ्यात टाकल्या. कृष्णधवल पडद्यावर काठ आणि पोत एवढेच ओळखू येत असल्याने गिऱ्हाईक काय मागते आहे, हे त्याला नेमके ठाऊक होते. मी गडद निळी घेतली. आत्याने त्यावर काय म्हटले ते लिहीत नाही.

कोल्हापूर

माझी आठवण त्याच्याही आधीची आहे. ‘लव्ह इन सिमला’ हा चित्रपट १९६० मध्ये आला आणि साधना यांचे रुंद कपाळ झाकण्यासाठी कापलेली केसांची झालर ‘साधना कट’ या नावाने गावोगाव पसरली. आमच्या शाळेत तेल लावून, मधोमध भांग पाडून, लाल फितींच्या दोन वेण्या घालणे सक्तीचे होते. माझ्या थोरल्या बहिणीने शिवणाच्या कात्रीने माझी झालर कापली. कात्री कापडाची असल्यामुळे केस दाताने तोडल्यासारखे दिसत होते. शाळेत जाताना त्या झालरीला तेल थापून दोन्ही बाजूंना चिमटे लावायचे आणि सुटीची घंटा झाली की फाटकाबाहेर चिमटे काढून कपाळावर केस सोडायचे, असा आमचा परिपाठ होता. तेलामुळे ती झालर कपाळाला चिकटून बसे आणि वाऱ्याने तसूभरही हलत नसे, ही गोष्ट निराळी.

इथे एका कोल्हापूरकर बाईंचा उल्लेख व्हायला हवा. भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, या आमच्या गावच्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ‘ब्रह्मचारी’ (१९६८) चित्रपटात मुमताज यांनी नेसलेली, अंगाला घट्ट लपेटलेली नारिंगी साडी त्यांचीच, हे मला फार उशिरा कळले. ती साडी मुळात शिवून तयार केलेली होती, म्हणून तर ती नेसून नाचता आले. माझ्या नणंदेला हे कोण सांगणार? तिने साधी पाचवारी साडी डझनभर पिनांनी तशीच लपेटली आणि हळदीकुंकवाला निघाली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिला जे थांबावे लागले, ते आम्ही दोघींनी पिना काढेपर्यंत.

सोलापूर

पुरुषांनी इथे लिहिले तर चालेल, असे गृहीत धरतो.

‘बॉबी’ १९७३ मध्ये आला तेव्हा मी महाविद्यालयात होतो. मुलींनी ठिपक्यांचे कापड शोधण्यासाठी बाजार पालथा घातला आणि आम्ही बेलबॉटमच्या घेरासाठी. आमच्या शिंप्याकडे गुडघ्याखाली पँट किती फाकवायची, यावरून चढाओढ चाले. कोणी बावीस इंच सांगितले की पुढचा चोवीस सांगे आणि शिंपी कपाळाला हात लावून जादा कापडाचे पैसे मागे. कापड टेरिकॉटचे, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे असे. सोलापूरच्या उन्हाळ्यात टेरिकॉट घालून सायकल चालवणे म्हणजे काय, हे ज्याने चालवली त्यालाच कळेल. शिवाय उजव्या पायाचा घेर साखळीत अडकू नये म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावावा लागे, म्हणजे सगळी ऐट एकाच पायावर.

खरी अडचण वेगळीच होती. घेर जमिनीवर घासला जाऊन तळाची शिवण चार धुण्यांत उसवत असे. त्यावर आमच्या शिंप्याने उपाय केला, तो मला आजही थोर वाटतो. तो पँटच्या तळाशी, आतल्या कडेने, पितळी दातांची जुनी चेन गोलाकार शिवून देत असे. कापडाऐवजी पितळ झिजे आणि चालताना फरशीवर बारीक खरखर आवाज होई. वर्गात उशिरा शिरणाऱ्या मुलाची चाहूल त्या आवाजावरून लागत असल्याने आमच्या एका प्राध्यापकांना फळ्याकडे तोंड करूनही हजेरी घेता येत असे. पुढे घेर गेला आणि अरुंद पँटी आल्या, तेव्हा त्याच शिंप्याने त्याच पँटी आतून मारून दिल्या. धाकट्या भावाने त्या आणखी कित्येक वर्षे वापरल्या.

नाशिक

घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षे पार्लर चालवले. सुरुवातीला फक्त दोऱ्याने भुवया कोरण्यासाठी मुली येत, त्याही लग्न ठरल्यावर आणि आईला सोबत घेऊन. ‘इतक्या बारीक नको, सासरचे काय म्हणतील,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायना यांचे १९८१ मध्ये लग्न झाले आणि त्यानंतर मासिकांची कात्रणे घेऊन गिऱ्हाइके येऊ लागली. डायना कट मागणाऱ्या बहुतेकींचे केस तेलाने वाढवलेले, सरळ आणि जड असत. त्या केसांना तो फुगीर आकार राहत नाही, हे मी समजावून सांगत असे आणि शेवटी खांद्यापर्यंतचा स्टेप कट करून देत असे. घरी जाताना त्या खूश असत. केस कापल्याचे वडिलांना दिसू नये म्हणून त्यांपैकी काहीजणी जाण्यापूर्वी माझ्याकडूनच पुन्हा वेणी घालून घेत, आणि त्या वेणीचे पैसे मी कधी घेतले नाहीत.

गोरेपणाचा विषय वर निघाला आहे, म्हणून क्रीमविषयीही लिहिते. ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. माझ्या गिऱ्हाइकांची मागणी त्यामुळे बदलली, असे मला तरी दिसले नाही. फक्त ‘गोरी’च्या जागी ‘ग्लो’ आला.

सांगली जिल्हा

आमचे फार जुने नाही. ‘तेरे नाम’ २००३ मध्ये आला आणि अर्ध्या गावाने मधोमध भांग पाडून केस डोळ्यांवर आणले. मुख्याध्यापकांनी गावच्या नाभिकालाच शाळेत बोलावून घेतले आणि प्रार्थनेनंतर मैदानावर रांगेने आमच्या कटिंगा झाल्या. त्याच नाभिकाने तो कट आमच्याकडून पैसे घेऊन केला होता आणि आता तोच शाळेकडून पैसे घेऊन उतरवत होता. त्याची दोन्हीकडून दिवाळी झाली.

न्यू जर्सी

नव्वदच्या दशकात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत फॅशन पाहायला मिळे ती मागल्या वर्षीची, कारण सगळ्यांचे ब्लाउज भारतातून शिवून येत. पुण्याला मापाचा ब्लाउज पाठवायचा, सोबत चिठ्ठी लिहायची आणि कोणी येणारे असेल त्याच्या बॅगेत जागा मागायची. ‘हम आपके हैं कौन’मधल्या माधुरी दीक्षित यांच्या जांभळ्या साडीवरचा ब्लाउज मीही मागवला होता. माझ्या हाती आला तो गळ्यापर्यंत बंद. चिठ्ठी आईच्या हाती पडली होती, हे उघड आहे.

ठाणे

शेवटचा अनुभव वाचून हसू आले, कारण असे ब्लाउज शिवणारा मी आहे. लेडीज टेलर म्हणून माझे दुकान आजही चालू आहे.

तो चित्रपट ऑगस्ट १९९४ मध्ये आला आणि त्यानंतरच्या लग्नसराईत माझ्याकडे त्या जांभळ्या ब्लाउजशिवाय दुसरी मागणीच नव्हती. मी स्वतः वही घेऊन चित्रपट पाहायला गेलो. गाण्यात माणूस सतत हलत असतो, त्यामुळे पाठीचा आकार कळेपर्यंत दृश्य बदलते; काही भाग मासिकाच्या फोटोवरून घेतला आणि उरलेला अंदाजाने. साटीन कापताना घसरते, म्हणून आम्ही ते आधी अस्तरावर कच्च्या धाग्याने टाचून मगच कात्री लावत असू. पाठ खोल ठेवली की खांदे उतरतात, त्यासाठी मागे नाडी द्यावी लागते आणि नाडी दिली की तिला लटकन हवेच. जरीकाम मी बाहेर कारागिराकडे देत असे आणि बिलात सर्वांत मोठा आकडा त्याचाच असे.

प्रत्येक गिऱ्हाईक दुकानात शिरताच ‘अगदी तस्सेच हवे’ असे म्हणे आणि माप घेताना एकेक अट पुढे येई. पाठ इतकी उघडी नको, चार बोटे वर घ्या. बाही कोपरापर्यंत ठेवा. जांभळा आमच्यात लग्नात चालत नाही, मोरपंखी चालेल. जरी कमी करा, खर्च वाढतो. नाडी राहू द्या, पण ती नुसती शोभेची, आतून हुक लावा. शेवटी जे शिवून तयार होई, त्यात माधुरीचे काही असेल तर ते लटकन. तरीही ती मुलगी आरशासमोर उभी राहून पाठीमागे वळून पाहत असे आणि सोबत आलेल्या मैत्रिणीही ‘सेम टू सेम’ म्हणत. आता मोबाईलवर फोटो दाखवतात, तो मोठा करून मागची शिवणसुद्धा पाहता येते, त्यामुळे माझा अंदाजाचा भाग संपला आहे. अटी मात्र त्याच आहेत, आणि हुक मी अजूनही न विचारताच लावतो.