मदत हवी आहे : वाचताना सगळे समजते, परीक्षेत मात्र आठवत नाही

नमस्कार.

माझे वय ४३ आहे. मी टिटवाळ्याला राहते आणि फोर्टमधील एका बँकेत नोकरी करते. बँक कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या जेएआयआयबी परीक्षेचे चारपैकी तीन विषय सुटले आहेत. बँकिंगची तत्त्वे आणि कार्यपद्धती हा एक विषय मात्र दोन वेळा बसूनही थोडक्या गुणांनी राहिला. हा विषय अवघड आहे असे मला वाटत नाही, कारण त्यातले निम्मे तर मी रोज काउंटरवर करते. म्हणूनच हे अपयश मनाला अधिक लागले आहे आणि अभ्यासाच्या पद्धतीतच काही चूक होत असावी, अशी शंका येऊन हा धागा काढत आहे.

माझी पद्धत अशी आहे. रविवारी दुपारी सलग पाच तास बसून मी दोन प्रकरणे वाचते, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवते आणि तीच प्रकरणे पुन्हा एकदा वाचते. दुसऱ्या वाचनात सगळे ओळखीचे वाटते आणि समाधानाने पुस्तक मिटते. परंतु प्रश्न समोर आला की गोंधळ सुरू होतो. उदाहरणार्थ, धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली नोटीस किती दिवसांत द्यायची, पैसे भरायला किती दिवस द्यायचे, त्यानंतर तक्रार किती दिवसांत करायची, कर्जवसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस किती दिवसांची असते आणि धनादेशाची मुदत किती महिन्यांची, यांची उत्तरे मला सगळी ठाऊक आहेत. फक्त कोणता आकडा कुठला हे ऐन वेळी सांगता येत नाही. पर्यायांत १५, ३०, ६० असे सगळेच आकडे समोर असतात आणि प्रत्येकच बरोबर वाटतो.

माझ्या वडिलांना ऐंशी वर्षांचे झाल्यावरही पावकी-निमकीपर्यंतचे सगळे पाढे मुखोद्गत होते आणि इथे मला चार मुदती लक्षात राहत नाहीत. थोडे वाचन केले तेव्हा मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडलेला विस्मरणाचा आलेख पाहायला मिळाला. एका दिवसात दोन-तृतीयांश विसरायला होत असेल, तर माझा रविवार मंगळवारपर्यंतही पुरत नसणार, हे पाहून धीरच सुटला.

मला पुढील बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. हे वयामुळे होत आहे का? पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी नेमके काय करावे? आणि रोजच्या जाण्या-येण्यातले मिळून तीन तास अभ्यासाला लावता येतील का? गाडी टिटवाळ्याहूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते, पण कल्याणनंतर पुस्तक उघडण्याइतकी मोकळीक राहत नाही. परीक्षेला दोन महिने आहेत.

बदाम, ब्राह्मी आणि शंखपुष्पी यांचे सल्ले घरातून भरपूर मिळाले आहेत. तेवढे कृपया वगळावेत.

प्रतिसाद १

ताई, मी काही वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले आहे, त्या आधारे लिहीत आहे. आधी वयाविषयी. माहिती हाताळण्याचा वेग विशीनंतर हळूहळू कमी होतो हे खरे, पण शब्दसंग्रह आणि कामाचे ज्ञान चांगल्या पन्नाशीपलीकडेही टिकते. ४३ व्या वर्षी चार मुदती लक्षात न राहण्याचे खापर वयावर फोडू नये.

दुसरे, एबिंगहाउस यांच्या आलेखाने धीर सोडण्याचे कारण नाही. त्यांनी पाठ केली ती निरर्थक अक्षरे होती आणि प्रयोगाचा विषय ते स्वतः एकटेच होते. अर्थ असलेला मजकूर तितक्या झपाट्याने जात नाही. शिवाय त्यांनी मोजले ते ‘किती आठवले’ हे नव्हे, तर तीच यादी दुसऱ्यांदा पाठ करताना किती श्रम वाचले हे. म्हणजे विसरल्यासारखे वाटणाऱ्या गोष्टीचाही काही ठसा उरतो आणि दुसऱ्यांदा ती कमी वेळात येते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपण एका वेळी मनात धरून ठेवू शकतो ती माहिती फार थोडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिचा अंदाज सात गोष्टी, अधिक किंवा उणे दोन, असा दिला होता. पुढच्या संशोधनाने तो चारच्या आसपास आणला. या अरुंद दारातून आत गेलेली माहिती मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाच्या साहाय्याने हळूहळू टिकाऊ होते आणि त्या कामाला झोपेचाही मोठा हातभार लागतो. पाच तास सलग वाचताना माहिती आत येत राहते, पण ती बाहेर काढण्याचा सराव एकदाही होत नाही. दुसऱ्या वाचनात जे ‘ओळखीचे’ वाटते ती निव्वळ ओळख असते. इमारतीतला शेजारी दिसल्यावर आपण त्याला ओळखतो, पण त्याचे नाव मात्र आठवत नाही, तसेच काहीसे. मार्करने ही फसगत वाढते, कारण पिवळी ओळ डोळ्यांना लगेच सापडते.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन एका गटाला ते पुन्हा वाचायला लावले आणि दुसऱ्याला न पाहता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. रविवारी संध्याकाळचे आपले समाधान खोटे नसते, फक्त ते पाच मिनिटांनंतरच्या चाचणीचे असते.

आपल्या वडिलांचे उदाहरण याच संदर्भात बोलके आहे. पाढे घोकंपट्टीने पाठ झाले असे आपण म्हणतो, पण आठवून पाहा : रोज दिवेलागणीला परवचा होत असे आणि मध्येच कोणी तरी ‘तेरा साते?’ असे उलटसुलट विचारत असे. पाढे टिकले ते वर्षानुवर्षे, थोडे थोडे आणि विचारले गेल्यामुळे. तुमच्या मुदती कोणी कधी विचारल्याच नाहीत.

मुदतींची सरमिसळ होते, कारण एकमेकींसारख्या गोष्टी एकाच बैठकीत शिकल्या की त्या एकमेकींना अडवतात. त्यांची यादी करू नये, त्यांना प्रसंगात बसवावे. समजा, धनादेश परत आल्याचे खातेदाराला बँकेकडून ५ जूनला कळले. त्याने ३० दिवसांच्या आत, म्हणजे २० जूनला, नोटीस पाठवली. ती समोरच्याला २५ जूनला मिळाली. त्याला १५ दिवस, म्हणजे १० जुलैपर्यंत, पैसे देता येतात. तोपर्यंत पैसे आले नाहीत, तर तिथून महिन्याभरात तक्रार. हाच प्रसंग तारखा बदलून तीन वेळा मनात चालवून पाहावा. सरफेसीची ६० दिवसांची नोटीस त्याच दिवशी शिकू नये. ती कर्जवसुलीची वेगळी गोष्ट आहे. ती दोन दिवसांनी घ्यावी आणि मग दोन्ही एकत्र विचाराव्यात.

गाडीचे म्हणाल, तर कल्याणनंतर पुस्तक उघडता येत नाही हे मला अडचणीपेक्षा सोयीचेच वाटते. टिटवाळा ते कल्याण ही साधारण पंधरा मिनिटे चार-पाच पानांपुरती वाचावीत, मग पुस्तक पिशवीत टाकावे आणि डोळे मिटून स्वतःला विचारत राहावे. परतीच्या गाडीत सकाळचेच प्रश्न पुन्हा घ्यावेत, नवीन काही घेऊ नये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक काळजी घ्यावी. गर्दीत डोळे मिटून दिलेले उत्तर चुकीचे असले आणि ते तपासले नाही, तर चूकच पक्की होते. मी पोस्टकार्डाच्या आकाराच्या चिठ्ठ्या करत असे, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने चिठ्ठी उलटता येते. बरोबर आलेली चिठ्ठी मागच्या गठ्ठ्यात टाकायची, चुकलेली पुढच्या गठ्ठ्यात. पुढचा गठ्ठा रोज काढायचा, मागचा सावकाश.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी सकाळी चार पाने वाचून परतीच्या गाडीत दहा प्रश्न स्वतःला विचारले. चारच बरोबर आले. रविवारचे पाच तास आठवून अगदी ओशाळल्यासारखे झाले. चिठ्ठ्या मात्र त्याच रात्री केल्या आणि चुकलेल्या सहापैकी चार मंगळवारी न पाहता आल्या. कलम १३८ चा प्रसंग मी आमच्या शाखेत खरोखर घडलेल्या एका धनादेशावर बसवला, त्यामुळे तारखा आता चुकत नाहीत. बरोबर आलेल्या चिठ्ठ्या पुन्हा किती दिवसांनी काढाव्यात, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद १ चे उत्तर

किती काळ लक्षात ठेवायचे आहे यावर ते ठरते. २००८ मधील सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून जी दिशा मिळते, तिच्यानुसार दोन महिन्यांनंतरच्या परीक्षेसाठी आठवडा ते दहा दिवसांचे अंतर योग्य ठरावे. बरोबर आलेली चिठ्ठी तेवढे दिवस बाजूला ठेवावी, चुकलेली मात्र उद्याच्याच गाडीत घ्यावी.