गरोदरपणात महागडं क्रीम म्हणजे सुरक्षित क्रीम?

डिचोलीची सून
मिस्टर बोटीवर असतात. सुट्टीवर येताना ड्यूटी फ्रीमधून माझ्यासाठी सीरम, डे क्रीम आणि नाईट क्रीमचा संच घेऊन आले, ११ हजारांचा. मला पाचवा महिना चालू आहे. गालांवर वांग उमटलेत, पोटाला खाज सुटते. आजवर ग्लिसरीनचं साधं लोशन लावत होते, १८० रुपयांची बाटली. जाऊबाई म्हणतात, "पोटात बाळ असताना तरी स्वस्तातलं काही अंगाला लावू नकोस." दोन आठवडे नवीनच वापरतेय, पण सीरमचा वास आला की उमासे येतात. या दिवसांत महागडं घेण्यात खरंच अर्थ असतो का?

काउंटरवरून, म्हापसा
औषधांच्या दुकानात असते मी. शुक्रवारच्या बाजारादिवशी हा प्रश्न हमखास येतो. बाय, किंमत बघू नको, डबी उलटी कर. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन, रेटिनिल पाल्मिटेट, ही सगळी व्हिटॅमिन ए ची भावंडं. या काळात बंद. तोंडाने घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनमुळे बाळात व्यंग येतं, हे पक्कं आहे. लावायच्या क्रीममधून रक्तात फार थोडं उतरतं, पण सुरकुत्यांसाठी तेवढी तरी जोखीम कशाला? आणि ही भावंडं सापडतात ती बहुतेक सुरकुत्यांवरच्या महागड्या डब्यांत. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोनही नको, ते कातडीतून बरंच आत जातं. वांगासाठी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड चालतं, तेही डॉक्टरांना विचारून.

पण स्वस्ताची बाजूही काळी आहे. "ती गोरं करणारी छोटी ट्यूब द्या" म्हणत येतात ना, तिच्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन तिन्ही असतात. २०१८ मध्ये स्टेरॉइडची बरीच क्रीमं चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आली. मी नाही म्हटलं की बाई तडक पुढच्या दुकानात.

मडगावकरीण
सगळं पटलं, पण "महाग म्हणजे उगाच" असा सूर नको. मला सहाव्या महिन्यात वांग आले. आधी २५० चं पांढरं सनस्क्रीन आणलं, झिंक ऑक्साइडचं. माझ्या रंगावर राखेसारखं दिसायचं, घाम आला की ओघळायचं. आठ दिवसांत कपाटात गेलं. मग १,६०० चं रंगीत घेतलं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांग उन्हातल्या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. ते मी रोज लावलं. मुलगी दीड वर्षाची झाली, डाग बरेच फिके आहेत.

काउंटरवरून, म्हापसा
डाग बाळंतपणानंतर आपोआपही फिके होतात, सगळं श्रेय ट्यूबला देऊ नका. आयर्न ऑक्साइडचं मान्य, पण ते पाचशे-सहाशेतही मिळतं. महाग क्रीमचा खरा घोळ वेगळाच: बायका ते जपून, टिकली एवढं लावतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, अडवतं, ५० वालं ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे आणि लावायचं निम्मं!

मडगावकरीण
मी जपून लावत नव्हते. ट्यूब सव्वा महिन्यात संपायची, नवऱ्याला विचारा.

साखळीची आजी
तुमची अक्षरं वाचून डोकं फिरलं. आम्ही घाण्याचं खोबरेल लावलं, टाचांना मुठेल, म्हणजे भिरंडाच्या (कोकमाच्या) बियांचं तेल. तीन बाळंतपणं झाली. मुठेल घरीच निघायचं, कसली ट्यूब आणि कसलं सीरम?

फोंड्याहून
आजी, मुठेलाला हात जोडते, भेगांना त्याच्यासारखं काही नाही. पण आईच्या सांगण्यावरून मी मे महिन्यात चेहऱ्याला खोबरेल चोपडलं आणि कपाळभर पुरळ आलं. पोटावर रोज दोनदा चोळूनही रेषा आल्याच. माझ्या आईलाही होत्या. ते बरंचसं रक्तातच असतं, ९० चं तेल असो की ३ हजारांचं बटर. आणि कुणी लिंबू सुचवलं तर ऐकू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते, वर काळा डाग राहतो.

साखळीची आजी
लिंबू मी म्हटलंच नव्हतं.

एक बाप, पेडणे
बायकांच्या चर्चेत बोलतोय, माफ करा. डिचोलीच्या ताईंनी खाज लिहिली म्हणून राहवलं नाही. माझ्या बायकोला आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना खाज सुटली, रात्री जास्त. पुरळ काहीच नाही. आम्ही आधी कॅलामाइन आणलं, मग लोशन, मग पणजीहून २,२०० चं क्रीम. खाजवून खाजवून तिचे पाय सोलले. शेवटी डॉक्टरणीने रक्त तपासलं, तेव्हा कळलं की यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नव्हता. त्यात बाळालाही धोका असतो. त्या खाजेवर स्वस्त-महाग क्रीम शोधण्यात आमचे बारा दिवस गेले. ताई, तुमची खाज फक्त पोटाला आहे ना?

डिचोलीची सून
फक्त पोटाला, तीही आंघोळीनंतर. तरी परवाच्या तपासणीत सांगते.

डबी उलटी केली. नाईट क्रीमवर रेटिनिल पाल्मिटेट आहे, खालून तिसरं. अक्षर इतकं बारीक की मोबाईलवर मोठं करून वाचलं. दोन आठवडे लावलंय, आता काय?

काउंटरवरून, म्हापसा
घाबरू नको. बंद कर आणि तपासणीला जाताना डबीच घेऊन जा. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात, शेवटी आहे म्हणजे थोडंच असणार. लोशन परत सुरू कर. उमासे येतात तर सीरमही राहू दे, बिनवासाचंच बरं.

मडगावकरीण
डे क्रीमची यादी टाक ना इथे. ११ हजारांत एक तरी कामाचं निघेल.

डिचोलीची सून
डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं काही नाही, फक्त आता लावू नका. खाज कोरडेपणाची आहे, ग्लिसरीनचं लोशन आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायला सांगितलंय. डे क्रीम निर्धोक निघालं, ते ठेवलंय (मडगावकरीण, खूश?). मिस्टरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते गप्पच झाले. नाईट क्रीम सासूबाईंनी मागून घेतलं, वय ६३. जाऊबाई आता फुगल्यात, की मला आधी का नाही विचारलं.