एसएमपीएसचा पंखा थांबला तर मागांच्या खडखडाटात कळायचं कसं?

दिवाणजी_२४माग
मंडळी, इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. शेडला लागून काचेची केबिन, त्यात एक पीसी. बिलं, पगारपत्रक आणि चार कॅमेरे त्याच्यावरच. काच नावाला, कापसाचे तंतू आत येतातच. गेल्या मे महिन्यात भर दुपारी पीसी गेला. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, खोलून बघितला तर पंख्याच्या आसाला तंतू गुंडाळून समईची वात झालेली. पंखा जाम, कपॅसिटरची डोकी फुगलेली.

घरी असता तर आवाज बंद झाल्याचं कळलं असतं. इथं चोवीस माग चालू असले की शेजारच्याशी बोलायलाही कानाला लागावं लागतं.

नवा एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, १२० मिमीचा पंखा, तोंड खाली. सीपीयूच्या पंख्याचा आकडा स्क्रीनवर दिसतो, याचा दिसत नाही. मागाचे फेरे मोजायचा लेझर टॅकोमीटर जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याकडे, आहे. पीसी बंद करून पंख्याच्या मधल्या गोलावर चमकत्या पट्टीचा तुकडा चिमट्याने चिकटवला, मग चालू करून मोजलं. मिनिटाला ९१० फेरे आले. पण रोज कॅबिनेट आडवं कोण पाडणार? कायमचा जुगाड सांगा.

पंखापुराण
मोबाईलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप टाका. ७ पाती असतील तर ९१० ला ६० ने भागून ७ ने गुणा, १०६ हर्ट्झच्या आसपास टोक दिसेल. फक्त लाईटची १०० हर्ट्झची गुणगुण शेजारीच असते, घोटाळा करू नका.

दिवाणजी_२४माग
दादा, हिशेब पटला. पण इथं ते ॲप मागच मोजत बसेल.

चिकटपट्टी
एसएमपीएस खोलायलाच नको. मागच्या जाळीवर ८० मिमीचा तीन वायरवाला पंखा बांधा, नुसती फेऱ्यांचा आकडा देणारी पिवळी वायर मदरबोर्डला जोडा. आतली हवा बाहेर आली की तो फिरेल, आकडा दिसेल.

जुना_सोल्डर
चिकटपट्टी, कल्पना झकास, पण चालणार नाही. पिवळ्या वायरवर फेऱ्यांचे पल्स (विजेचे ठोके) देणारा हॉल सेन्सर पंख्याच्याच वीजेवर चालतो. वीज नाही तर पल्स नाही. आणि वीज दिली तर तो स्वतःच फिरेल, आतला मेला तरी तुम्हाला आकडा छान दिसत राहील.

दिवाणजी, मी टीव्ही दुरुस्तीतला माणूस, ३१ वर्षं झाली. आधी शिव्या देतो, मग उपाय. २३० व्होल्ट एसी आत जाऊन डीसी होतात तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात बसतात, आणि प्लग काढला म्हणून लगेच उतरतीलच असं नाही. प्लग काढून तासभर ठेवा, मग मल्टीमीटरने मोजा, मग हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारे पोरगे मी पाहिलेत. त्यातल्या एकाचा अंगठा आजही नीट वळत नाही. वॉरंटी जाईल ते वेगळंच.

आता काम. तुमचा पंखा दोन वायरचा असणार, लाल आणि काळी. त्याच मापाचा, तितक्याच अँपिअरचा तीन वायरवाला आणा. लाल-काळी एसएमपीएसच्या जुन्या जागीच. संपूर्ण पंखा मदरबोर्डला जोडू नका, नाहीतर एसएमपीएस आत तापला तरी पंख्याला त्याची खबर नाही. फक्त पिवळी वायर बाहेर काढा, आउटपुट वायरींच्या भोकातूनच, हीटसिंकपासून (उष्णता टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपासून) लांब. ती बोर्डाच्या सिस्टिम फॅनच्या तिसऱ्या पिनवर. मधल्या पिनवर १२ व्होल्ट असतात, तिला शिवू नका.

एक तपासणी मात्र चुकवू नका. सगळं बंद असताना पंख्याच्या सॉकेटची काळी बाजू आणि आउटपुटची काळी वायर यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे थेट जोड आहे का, ते मल्टीमीटरने बघा. बीप आला तर ग्राउंड एकच, एका वायरवर भागतं. काही सप्लायमध्ये स्पीडचा कंट्रोल काळ्या बाजूला असतो, तिथं बीप येत नाही. मग ही युक्ती सोडून द्या.

आणि नवा पंखा कमी व्होल्टेजवर उठतो का बघा. थंड असताना एसएमपीएस पंख्याला बऱ्याचदा ४-५ व्होल्टच देतो. काही पंखे तेवढ्यावर नुसतेच थरथरतात.

दिवाणजी_२४माग
काका, झालं! बीप आला. सोल्डरिंग जॉबरने केलं, त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर. पहिल्यांदा आकडा शून्यच. जीव खाली-वर. मग लक्षात आलं, पिनांची बाजू उलटी धरून वायर ग्राउंडच्या पिनवर घातली होती. सरकवली आणि ८८०. टॅकोमीटर लावला तर ८९०. जॉबर म्हणतो, माझंच बरोबर.

एचडब्ल्यूइन्फो या पीसीचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ५०० च्या खाली आकडा गेला की पीसी बंद करायची कमांड लावली आहे. बीप लावून काय उपयोग, ऐकणार कोण?

पण काका, एक कोडं. तीन आठवड्यांत, तेच काम आणि तसंच ऊन असताना, आकडा हळूहळू १२५० वर गेला. पंखा जाम व्हायला लागला तर कमी व्हायला हवा ना?

जुना_सोल्डर
पंखा ठीक आहे, जाळी तुंबली. हवा कमी, आत गरम, म्हणून तो जास्त पळतोय. जाळीला बोट लावून बघा.

दिवाणजी_२४माग
बोट लावलं. गोधडीच निघाली. झाडल्यावर अर्ध्या तासात ९०० वर. आता केबिनच्या दारावर कागद चिकटवलाय: "१२०० दिसले की ब्लोअर".