घरची जागा आणि परदेशातली जागा: निबंधासाठी निवड कशी करावी?

दांडियाबाजारची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मूळची वडोदऱ्याची. शाळा आणि बी.ए. दोन्ही तिथेच झाले आणि सध्या लंडनमध्ये वस्तुसंग्रहालयशास्त्रात एम.ए. करीत आहे. एका विषयासाठी आम्हांला ‘मायदेशातील आणि परदेशातील, स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या जागा’ यांवर चिंतनपर निबंध लिहावयाचा आहे. पहिल्या कच्च्या मसुद्यात मी एका बाजूला लक्ष्मीविलास राजवाडा, कीर्तिमंदिर आणि सूरसागर घेतले, दुसऱ्या बाजूला टेम्सचा काठ आणि ब्रिटिश म्युझियम. वाचून पाहिले तेव्हा ते पर्यटन खात्याचे माहितीपत्रक वाटले. राजवाड्याशी माझा संबंध पाहुण्यांना फाटकापर्यंत नेऊन सोडण्यापुरताच आहे.

खरोखर आठवण येते ती कमाटीबागेतील संग्रहालयातल्या नील देवमाशाच्या सांगाड्याची. घरी कोणी पाहुणा आला की आजोबा त्याला आणि मला तिथे घेऊन जात, आणि सांगाड्याच्या कडेने चालताना माझे बरगड्या मोजणे दर वेळी कुठेतरी चुकत असे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनातही २०१७ पासून नील देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आहे. हा मासा १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डच्या किनाऱ्याला लागला होता. त्याची लांबी २५.२ मीटर आहे, त्याला ‘होप’ असे नाव दिले आहे, आणि पाण्यात सूर मारताना दिसावा अशी त्याची मांडणी केली आहे. अभ्यासक म्हणून ती मांडणी मला उत्तम वाटते, पण पहिल्यांदा पाहिली तेव्हा आनंदाऐवजी थोडा रागच आला, कारण इतक्या उंचावरच्या माशाच्या बरगड्या कोणाही मुलाला चालत चालत मोजता येणार नाहीत.

आमच्या प्राध्यापिकांचे म्हणणे असे की निबंधात घर आणि परदेश यांतला विरोध ठळक दिसला पाहिजे. मला तो विरोध ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. दोन्ही देवमाशांवरच सगळा निबंध उभा करावा का? की एखादी वेगळी जागा घ्यावी?

विश्वामित्रीकाठ

देवमासे जरूर ठेवा, आणि विरोधाविषयीची तुमची शंकाही ठेवा, कारण निबंधाचा कणा तीच होऊ शकेल. ‘घर म्हणजे ऊब आणि परदेश म्हणजे परकेपणा’ ही विभागणी आपल्याच शहराच्या इतिहासात टिकत नाही, आणि त्याचा दाखला तुमच्या देवमाशाच्या बागेतच आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथून लंडनला जाऊन, करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ते १९१७ मध्ये आपल्या गावात आले, तेव्हा ज्या राज्याने त्यांना समुद्रापार पाठवले त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना डोके टेकायला खोली मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तिथूनही त्यांना हाकलण्यात आले, आणि कमाटीबागेतल्या एका झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पुढे १९२१-२२ मध्ये ते लंडनमध्ये प्रिमरोज हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. नामवंत व्यक्ती तिथे राहिल्याची खूण म्हणून लावतात तशी निळी पाटी त्या घरावर आहे आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन तिथे स्मारक केले. म्हणजे ज्याला घर म्हणावे त्या शहराने दार लावले आणि परक्या शहरातल्या एका खोलीत अभ्यास झाला. लंडनही काही तेव्हा सर्वांशी प्रेमाने वागत होते असे नाही, हे लिहिताना विसरू नका.

तुमच्यासाठी ती बाग आजोबांचा हात धरून फिरण्याची जागा आहे. त्याच बागेत आणखी एका विद्यार्थ्याला, तोही परदेशातून शिकून आलेला असताना, छप्पर नव्हते. तुमची आठवण खोटी ठरते असे मी म्हणत नाही. पण वडोदऱ्याच्या विद्यार्थिनीने लंडनमध्ये बसून कमाटीबागेवर लिहावे आणि यातले काहीच येऊ नये, हे मला पटणार नाही. मात्र एक पथ्य पाळा: किंग हेन्रीज रोडचे घर पाहिल्याशिवाय त्याला ‘माझी अर्थपूर्ण जागा’ म्हणू नका. चॉक फार्म स्टेशनावरून तिथे चालत जाता येते. जाऊन या, आणि काही वाटले नाही तर तसेच लिहा.

पुणेकर वाचक

परदेशातली जागा शोधायला इतके लांब कशाला जायचे? लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे आणि गणेशोत्सव तर दणक्यात होतो. मराठी विद्यार्थिनीला परदेशात घर म्हणून दुसरे काय हवे?

दांडियाबाजारची विद्यार्थिनी

पुणेकर वाचक, मंडळात मी गेले होते आणि तिथल्या लोकांनी आपुलकीने जेवूखाऊ घातले. पण माझी मराठी ऐकून दोघातिघांनी ‘तुम्ही गुजराती का?’ असे विचारले. लहानपणापासून पुण्याच्या नातेवाइकांकडे गेल्यावर हाच प्रश्न ऐकत आले आहे, त्यामुळे वाईट वाटले नाही, फक्त तिथे मी पाहुणी झाले. याउलट वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाजी घेताना दुकानातल्या मावशींशी गुजरातीत भाव करू लागले आणि त्यांनी ‘वडोदरानी छे?’ असे विचारत मिरच्यांची मूठ वरून टाकली, तेव्हा अंगावरचा कोट काढून ठेवावा असे वाटले. आमचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात आहे. घरात मराठी, अंगणाबाहेर गुजराती आणि रविवारी सकाळी सेव-उसळ, असे आमचे घर आहे. मराठी माणसाला परदेशात गुजरातीतून घर सापडते हे निबंधात कसे बसवावे, ते मात्र अजून उमगलेले नाही.

निवृत्त ग्रंथपाल, रावपुरा

बसवण्याची गरजच नाही. ते तसेच लिहा, कारण वडोदऱ्याच्या मराठी माणसाचे घर मुळातच असे दोन भाषांचे आहे. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांना एके काळी हे शहरही परमुलुखच होते.

माझी सूचना वेगळ्या जागेची आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली पुस्तकांची दालने आठवतात का? तिथे पोलादी मांडण्यांचे मजले एकावर एक उभे आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. नवखा वाचक पहिले पाऊल टाकताना बिचकतो, खाली पाहतो, आणि खालच्या माणसाच्या डोक्याची अंधुक सावली सरकताना दिसली की आपोआप पाय हलके टाकू लागतो. सरावलेला वाचक जमिनीकडे पाहतच नाही. कोण नवा आणि कोण जुना हे मला कार्ड न पाहता चालण्यावरून कळत असे.

या ग्रंथालयाची व्यवस्था लावण्यासाठी सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावले होते, आणि सध्याची इमारत १९३१ ची आहे. तुमच्या वडोदऱ्याच्या कॉलेजचा घुमट चिझम या इंग्रज वास्तुविशारदाने विजापूरच्या गोलघुमटावरून बेतला, हेही तुम्हांला ठाऊक असेल. म्हणजे आपण ज्यांना घरच्या जागा म्हणतो त्यांतला बराच परदेश महाराजांनी आधीच घरी आणून ठेवला होता. प्राध्यापिकाबाईंना विरोध हवा असेल तर हे सांगा, त्यांना आवडेल असे वाटते.

तुम्ही संग्रहालयशास्त्र शिकता, म्हणून थोडी धंद्याची गोष्टही सुचवतो. दोन्ही देवमाशांजवळचे माहितीफलक शब्दशः उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. कोणत्या फलकाने काय सांगितले आणि काय गाळले, यावरच दोन पाने सहज होतील.

दांडियाबाजारची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. राजवाडा, टेम्स आणि ब्रिटिश म्युझियम काढून टाकले. देवमासे, ती बाग आणि ईलिंग रोड ठेवते. काचेच्या जमिनीचा मोह होतो आहे, पण शब्दमर्यादेत बसेल असे दिसत नाही. किंग हेन्रीज रोडला शनिवारी जाते आणि मगच बागेचा भाग लिहायला घेते. वडोदऱ्यातले कोणी येत्या आठवड्यात संग्रहालयात जाणार असेल, तर त्यांनी सांगाड्याजवळच्या फलकावरचा मजकूर, गुजराती आणि इंग्रजी दोन्ही असल्यास दोन्ही, कृपया इथे टंकून पाठवावा. छायाचित्रात काचेवरची चमक येते आणि अक्षरे वाचता येत नाहीत, असा अनुभव आहे.