खंदकवेढ्या वाड्यांना कायद्याचे संरक्षण पुरेसे आहे का?

मूळ मत

इंग्लंडमध्ये खंदकाने वेढलेल्या मध्ययुगीन वाड्यांची सुमारे ६,००० ठिकाणे ज्ञात आहेत. त्यांतील बरेचसे वाडे १२५० ते १३५० या काळात सधन जमीनदारांनी बांधले. केंटमधील आयटॅम मोटसारखे काही आजही उभे आहेत; पण बहुतेक ठिकाणी गवताने झाकलेला चर आणि मधला उंचवटा एवढेच शिल्लक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९७९ च्या कायद्याने संरक्षित यादीत घेतलेल्या जागी परवानगीविना खोदकाम करता येत नाही, धातुशोधक यंत्रही वापरता येत नाही. तरीही हे संरक्षण अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. खंदकाच्या तळाशी पाण्याखालच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून लाकूड, चामडे, बिया आणि परागकण तेथे शतकानुशतके टिकतात. मात्र शेजारच्या शेतातील निचऱ्यामुळे भूजल खाली गेले, तर संरक्षित जागेला कोणी हातही न लावता हा पुरावा कुजून जातो. कोरड्या पडू लागलेल्या ठिकाणांचे उत्खनन वेळीच व्हावे.

प्रतिसाद १

धोका खरा आहे, पण उपाय मला मान्य नाही. उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. गाळातील प्राचीन डीएनए आज अभ्यासता येतो. तो गाळ पूर्वीच्या उत्खननांत निरुपयोगी म्हणून टाकला जात असे. खंदकात पाणी टिकवण्यासाठी शेतकऱ्यांना अनुदान द्यावे, कारण निचरा थांबवल्याने त्यांचे पीक बुडणार असेल, तर तो भार एकट्या त्यांच्यावर टाकणे न्याय्य नाही.

प्रतिसाद २

मुळात ही सर्वच ठिकाणे जपण्याची गरज आहे का? यांतील बहुसंख्य खंदक लढाईसाठी नव्हे, तर प्रतिष्ठेसाठी खणले गेले. निवडक नमुने राखून उर्वरित जमीन शेतीला मोकळी करावी.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिष्ठेसाठी खणले गेले, म्हणूनच ते मोलाचे आहेत. राजे आणि मोठे सरदार यांच्या किल्ल्यांविषयी दप्तरे भरपूर बोलतात. लहान जमीनदार काय खात होता, कोणते लाकूड वापरत होता, हे पुष्कळदा त्याच्या खंदकातील गाळच सांगतो. शिवाय आधीपासून नांगरटीखाली असलेल्या संरक्षित जागेत पूर्वीसारखी मशागत चालू ठेवण्यास त्याच कायद्याखालील १९९४ च्या आदेशाने अटींवर मुभा दिलेलीच आहे, आणि त्या नांगरटीनेही उंचवटे झिजतात. अनुदानाचा मुद्दा मात्र मी स्वीकारतो: जेथे पाणी राखता येईल तेथे उत्खनन नको. जेथे पाणी आधीच उतरले आहे, तेथे न खोदता वाट पाहणे मला पटत नाही.